उजव्या पेडलचा संशय

मित्रांनो, तुम्ही माणसं चेहऱ्यावरून ओळखता. मला ती सोय नाही. मी एक जुनं पितळी पेडल आहे. एका मोठ्या काळ्या पियानोच्या पोटाखाली, जमिनीपासून चार बोटांवर आम्ही तिघं बसवलेले आहोत, त्यातलं उजवं ते मी. माझ्या वाट्याला बूट येतात, चपला येतात, पँटच्या दुमडलेल्या कडा येतात आणि वरून पडणारं अर्धंमुर्धं बोलणं येतं. ज्याला आयुष्यभर अर्धंच ऐकू येतं तो संशयी होतो. मीही झालो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून मला नावं ठेवायला नको.

पितळ ओतणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी काळाठिक्कर होतो. एका बाईमाणसाने मला दिवसभर घासलं आणि संध्याकाळी स्वतःचा चेहरा माझ्यात बघून केस नीट केले. तेवढाच एक चेहरा मी पाहिला. त्यानंतर सगळे बूटच.

माझं काम काय, ते थोडक्यात सांगतो. पियानोच्या आत प्रत्येक तारेवर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक गादी टेकलेली असते. पट्टी दाबली की त्या तारेवरची गादी उठते आणि सूर वाजतो. पट्टी सोडली की गादी पुन्हा बसते, सूर थांबतो. पण मला दाबलं तर सगळ्या गाद्या एकदम उठतात. मग पट्टीवरचं बोट निघालं तरी सूर तरंगत राहतो आणि पुढच्या सुरात मिसळतो. बेताने दाबलं तर असं गोड लागतं की ऐकणारा डोळे मिटतो. पाय तसाच ठेवून बसलं तर सगळ्या सुरांचा नुसता चिखल होतो. माझ्यापासून वर पियानोच्या पोटात जाणारी, वाकून बघितलं तर दिसणारी एक लाकडी दांडी आहे, ती हे उचलण्याचं काम करते. आम्ही तिघं, म्हणून दांड्याही तीन.

वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आमचा पियानो आला आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. डाव्या पेडलला अधूनमधून काम असे. मधल्याला कोणी विचारत नसे, आणि ते आपण मुद्दामच शांत बसलोय असं दाखवत असे. माझी मात्र सतत मागणी. "उजवं पेडल म्हणजे पियानोचा श्वास," असं एक शिक्षक विद्यार्थ्यांना सांगायचे. माझ्या अंगावरचा मुलामा घासून घासून गेला आणि मधोमध बुटाच्या तळव्याएवढा खळगा पडला. तो खळगा मी मेडलसारखा मिरवला.

मग त्या बाई आल्या.

पहिल्यांदा आल्या त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा त्या तरुण होत्या, उंच टाचेचे बूट घालायच्या. त्यांच्या पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात त्यांनी मला इतकं दाबलं की माझी बिजागरी गरम झाली. मी खूश होतो. कार्यक्रम संपल्यावर पियानोजवळ जाडजूड तळव्याचे तपकिरी बूट येऊन उभे राहिले. ते त्यांचे वडील होते, आणि त्यांचे गुरूही तेच. चार माणसांदेखत ते म्हणाले, "हात कुठे होते तुझे? मला नुसता पाय ऐकू आला."

खरं सांगू? मला ते कौतुकच वाटलं. पाय ऐकू आला म्हणजे मीच ऐकू आलो की. पण उंच टाचा निघून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. पुढे कळलं की बाई कार्यक्रम करतच नाहीत, घरी शिकवण्या घेतात. मग आमच्या हॉललाही उतरती कळा लागली. पियानोवर जाड कापड पडलं, त्या कापडावर खुर्च्या रचल्या. हवा दमट झाली की मी कुरकुरू लागलो, पण तेलाचा एक थेंब कोणी दिला नाही. अंधारात पडल्या पडल्या मला एकच विचार छळायचा. बाईंनी खापर माझ्यावर फोडलं असणार.

म्हणून या वर्षी एके दिवशी कापड सरकलं आणि सपाट तळव्याच्या काळ्या बुटांनी पाऊल टाकलं, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बूट नवे होते, चाल जुनीच होती. बसण्याआधी डाव्या बुटाचं टोक जमिनीवर दोनदा घासायचं, ही सवय कशी लपणार? बाई परत आल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्यांचा एकटीचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी त्यांनी निवडलं होतं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. त्याला बरोक म्हणतात.

आता गंमत ऐका. ते संगीत रचलं गेलं तेव्हाच्या वाद्यांना माझ्यासारखं पेडलच नव्हतं. सगळं काही बोटांनीच करायचं. चार चार सुरावटी एकाच वेळी चालणार, प्रत्येक वेगळी ऐकू आली पाहिजे. जगात इतकं संगीत पडलेलं असताना नेमकं माझ्याविना चालणारं का निवडावं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिल्या दिवशी बाईंनी वाजवायला घेतलं आणि अर्ध्या तासात त्यांच्या उजव्या पायाने मला एकसष्ट वेळा दाबलं. मी मोजलं. प्रत्येक वेळी त्या थांबायच्या, "हं," असा एक वैतागाचा आवाज काढायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायच्या. पाय आपोआप येत होता. मी मनातल्या मनात हसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या ट्यूनरना घेऊन आल्या. आमचे ट्यूनर म्हणजे पियानोच्या तारा सुरात लावणारे म्हातारे गृहस्थ. त्यांचे बूट नेहमी फाटके आणि हत्यारं नेहमी चकचकीत. दोघं पियानोजवळ वाकले. माझ्यावर सावली पडली.

"हे बंद करता येईल का?" बाईंनी विचारलं.

"काय, पेडल?"

"हो. दिसायला तसंच राहू दे. पण दाबलं तरी काही होता कामा नये."

"सरावापुरतं ना?"

"कार्यक्रमालासुद्धा. पाय माझं ऐकत नाही हो. भीती वाटली की आधी तोच पळत येतो."

ट्यूनरनी मान वर केली. "बाबांना सांगितलंत?"

"बाबांना कळू देऊ नका," बाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला. "अकरा वर्षांनी ऐकायला येतायत. एकदा त्यांनी माझे हात ऐकले ना, की पुरे. मग पुन्हा वाजवायचं की नाही ते मी ठरवीन. पण एकदा ऐकू देत."

ट्यूनरनी माझी दांडी उचलून बाहेर काढली. कळ आली नाही, पण एकदम हलकं वाटलं, दात पडल्यावर वाटतं तसं. दांडी निघाल्यावर मी पुढून लोंबायला लागलो, म्हणून त्यांनी माझ्याखाली स्पंजचा तुकडा सरकवला. दांडी पिवळ्या फडक्यात गुंडाळली आणि पियानोच्या खालच्या आडव्या फळीवर ठेवली. "इथे राहील," ते म्हणाले. त्यांनी शब्द दिला, पण मी विश्वास ठेवला नाही. एकदा निघालेली वस्तू परत बसवतात का कधी? मला खात्री होती की कार्यक्रम झाला की माझी रवानगी मोडीत.

ते तीन आठवडे माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. बाईंचा पाय येई, मला दाबी, आणि मी स्पंजात रुतून नुसता वर-खाली होई. वर काहीच होत नसे. पाय रोज थोडा कमी येऊ लागला. एकसष्टाचे चाळीस झाले, चाळिसाचे बारा. शेवटी एकच जागा उरली. कार्यक्रमात एक मोठा फ्यूग होता. फ्यूगमध्ये एक सुरावट निघते, तिच्यामागोमाग दुसरी तेच म्हणत येते, मग तिसरी, मग चौथी. त्या चौघी जिथे एकमेकींच्या अंगावर येतात, तिथे बाईंचा पाय हमखास माझ्यावर पडायचा. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीसुद्धा पडला. मी बंद होतो म्हणून कोणाला कळलं नाही इतकंच.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. बाई हात धुवायला बाहेर गेल्या होत्या. तेवढ्यात दारातून टक, टक असा आवाज आला. रबराचं टोपण लावलेली एक काठी आली आणि मागून तपकिरी बूट आले. बूट तेच, आता फक्त घासत चालत होते. कुणाला न सांगता, आधीच येऊन, पियानो बघायचा. याला काय म्हणायचं? वडील आमच्याजवळ वाकले. काठीचं टोक माझ्या वर, दांडीच्या रिकाम्या जागेत फिरलं.

"दोनच?" ते स्वतःशी पुटपुटले.  मग आले तसे निघून गेले. बाईंना त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

 आता काय होणार ते दिसत होतं. बाई वाजवणार, वडील ऐकणार, आणि शेवटी म्हणणार की ही चलाखी आहे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझी दांडी काढणाऱ्यांचं बरं व्हावं असं मला का वाटावं?

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सकाळी ट्यूनरनी तारा लावल्या आणि ते घरी गेले. बाईही दुपारी विश्रांतीला गेल्या. हॉलमध्ये उरले एकटे शिपाईमामा. झाडणं, खुर्च्या लावणं, दिवे बघणं ही त्यांची कामं. त्यांच्यावर माझी बारीक नजर असायची. गेल्या वर्षी पियानोच्या पायाखालची एक पितळी वाटी गायब झाली होती आणि सगळ्यांनी बोट त्यांच्याकडेच दाखवलं होतं. मीसुद्धा.

मामांनी पियानो ढकलून मंचाच्या मधोमध आणला. त्या धक्क्याने फळीवरचं पिवळं फडकं खाली पडलं आणि दांडी घरंगळत बाहेर आली. मामांनी ती उचलली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. झालं, मी म्हटलं, आता ही जाते खिशात.

पण मामा उकिडवे बसले. "हे आणि कुठून निघालं?" ते म्हणाले. "आता हे सापडलं नाही की परत माझंच नाव." ट्यूनर काम करताना इतकी वर्षं बॅटरी कोणी धरली होती? मामांनीच. त्यांनी गाद्या उचलणारा आतला दांडा बोटाने वर उचलला, माझी दांडी खालच्या खाचेत बसवली, वरच्या खाचेत सरकवली आणि हलवून पाहिली. "आणि हा बोळा कुणी कोंबला?" असं म्हणत स्पंज काढून केराच्या डब्यात टाकला. मग फडक्याने मला पुसलंही.

मित्रांनो, मी जिवंत झालो. आणि ही गोष्ट जगात फक्त मला माहीत होती. मामांच्या दृष्टीने पडलेली वस्तू जागेवर गेली होती, विषय संपला. बाईंना वाटत होतं मी बंद आहे. ट्यूनरना तेच वाटत होतं, वडिलांनाही तेच. वरून बघितलं तर मी होतो तसाच दिसत होतो.

संध्याकाळी हॉल भरला. मला मंचावरून पहिल्या रांगेतले बूट दिसत होते. डाव्या टोकाला ट्यूनरचे फाटके बूट होते. टक टक करत काठी मागच्या रांगेत जाऊन बसल्याचंही मी ऐकलं. बाई आल्या. डाव्या बुटाचं टोक दोनदा घासलं. उजवा पाय त्यांनी मागे, स्टुलाजवळ ठेवला.

सुरुवात झाली. पहिलं छोटं, पळतं. मग नाचांच्या चार-पाच चाली, काही उड्या मारणाऱ्या, काही डौलात चालणाऱ्या. मी त्यात कुठेच नव्हतो आणि तरीही मला एक कबूल करावं लागेल, प्रत्येक सूर स्वच्छ ऐकू येत होता. धुतलेल्या काचेतून बघावं तसं. इतकी वर्षं या पियानोखाली राहून मी हे आवाज कधी ऐकलेच नव्हते, कारण सगळ्यावर मीच पसरलेला असायचो. मला ते आवडलं नाही. खोटं कशाला बोलू.

मग फ्यूग आला. पहिली सुरावट निघाली, दुसरी मागे लागली. त्याच वेळी ट्यूनरचे बूट एकदम खुर्चीखाली ओढले गेले. त्यांना समोरून तीन दांड्या दिसल्या होत्या. आता ते काय करणार? उठून ओरडणार? बूट एकमेकांवर चढले आणि तिथेच गोठले. तिसरी सुरावट आली. चौथी आली. त्या चौघी जवळ येऊ लागल्या, आणि बाईंचा उजवा पाय स्टुलापासून सुटला.

तो आला. अगदी माझ्या खळग्यात येऊन टेकला.

आता मी तुम्हाला माझ्या मनातलं सांगतो, मग तुम्ही मला काहीही म्हणा. मला वाटत होतं, दाब. एकदाच दाब. अकरा वर्षं कापडाखाली कुजवलंस, तीन आठवडे स्पंजावर नाचवलंस, आता दाब म्हणजे सगळ्या गाद्या उठतील, चारी सुरावटींचा चिखल होईल आणि सगळ्या हॉलला कळेल की मी आहे. तुझ्या बाबांना पुन्हा पाय ऐकू येईल. बुटाच्या तळव्यातून मला बाईंच्या पायाची धडधड कळत होती. जरासं वजन आलं असतं तरी पुरे होतं.

वजन आलं नाही. पाय क्षणभर टेकून राहिला आणि उचलला गेला. हळूच मागे गेला आणि जमिनीवर सपाट बसला. वरती त्या चौघीजणी एकमेकींना ओलांडून, एकही न अडखळता, पार गेल्या.

शेवटी एक संथ रचना झाली, एका जुन्या नाचाचीच, पण कोणी पाय हलवू नये अशी. मग टाळ्या झाल्या. खूप झाल्या. लोक पांगले, खुर्च्या सरकल्या. शिपाईमामा एकेक खुर्ची उचलून भिंतीला लावू लागले. आणि टक, टक, टक.

वडील मंचावर चढले. बाई उठून उभ्या राहिल्या.

"वाजवलंस," वडील म्हणाले.

 बाईंच्या बुटांवरून मला कळलं की त्या पुढच्या वाक्याची वाट बघतायत. ते आलंच.

"पण मी काल येऊन बघून गेलोय. खाली दोनच दांड्या होत्या. हे बंद करून ठेवलंयस तू."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच काढायला लावली. पाय ऐकत नव्हता."

"मग मी हात ऐकले असं कसं म्हणू? चिखल होणारच नाही याची सोय करून बसलीस. हे बघ." बोलता बोलताच त्यांनी काठीचं रबरी टोक माझ्यावर ठेवून दाबलं.

सगळ्या गाद्या एकदम उठल्या. पियानोच्या पोटातून हलकासा उसासा निघाला. "हे बघ," हे त्यांचेच शब्द तारांनी उचलले आणि बारीक गुंजारव करत परत दिले. वडील काठी दाबून तसेच उभे राहिले. तो आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी हललं नाही.

"हे चालू आहे," वडील म्हणाले.

"चालू आहे?" बाई म्हणाल्या. त्या स्टुलावर बसल्या.

"मी नाही लावली हो," ट्यूनर घाईघाईने पुढे येत म्हणाले. "फ्यूगच्या वेळी दिसली मला. "

लांबून शिपाईमामा खुर्ची हातात धरूनच बोलले, "दांडी होय? मी बसवली दुपारी. खाली पडली होती. चुकलं का काही?"

 वडिलांनी काठी माझ्यावरून उचलली. "म्हणजे तुला माहीतच नव्हतं."

"नाही."

"पाय गेला होता का यावर?"

"एकदा. फ्यूगमध्ये."

"तुझ्या लेखी ते बंद होतं. दाबलं असतंस तरी काही होणार नव्हतं. मग उचललास कशाला?"

बाईंनी विचार केला. डाव्या बुटाचं टोक जमिनीवर घासलं गेलं. "तिथे पायाचं काम नव्हतं, बाबा," त्या म्हणाल्या.

 वडील मंचावरून उतरले, पहिल्या रांगेत उरलेल्या एकमेव खुर्चीत बसले, काठी आडवी मांडीवर ठेवली. आता मला त्यांचे दोन्ही बूट नीट दिसत होते. नाड्या वेगवेगळ्या रंगांच्या होत्या. घाईत बांधल्या असतील, किंवा आता बांधून देणारं घरात कोणी नसेल.

"ते शेवटचं संथ पुन्हा वाजव," ते म्हणाले. "आणि आता तुला हवं तिथे दाब. मी काही बोलणार नाही."

बाईंनी वाजवलं. संपूर्ण रचनेत त्यांनी मला दोनदा दाबलं, फक्त दोनदा, आणि तेही अर्धंच. एवढी वर्षं मला हजारो पायांनी तुडवलं, पण मला विचारून दाबल्यासारखं ते दोनदाच झालं. वडिलांचे बूट हलले नाहीत. शेवटचा सूर तरंगत असताना त्यांनी रुमालात नाक शिंकरलं, आणि ट्यूनर उगाचच हत्यारांची पिशवी उघडून आत बघू लागले.

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. बाई आता दर आठवड्याला येतात आणि दमट दिवसांत माझ्या बिजागरीला तेल मिळतं. तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखी एखादी खालची, कोपऱ्यातली वस्तू असेल तर तिच्याकडे लक्ष द्या. तिचा एखादा भाग काढलात तर तो कुठे ठेवला ते दुसऱ्याला सांगून ठेवा. आणि कोणाबद्दल संशय आला तर अकरा वर्षं मनात ठेवू नका. जवळ जा, वाका आणि एकदा बघा. मी हे सांगू शकतो, कारण मी शिपाईमामांवर, ट्यूनरवर, त्या काठीवर, सगळ्यांवर संशय घेतला आणि प्रत्येक वेळी चुकलो.

ती हरवलेली पितळी वाटीसुद्धा सापडली. पियानो मंचाच्या मधोमध ढकलल्यावर त्याच्या जुन्या जागी, फळ्यांच्या फटीत पडलेली होती. मामांनी ती उचलून पुसली आणि पियानोच्या पायाखाली परत ठेवली. त्यांनी ती कोणाला दाखवली नाही, मला मात्र दिसली.